इंजिनचा पिवळा दिवा



आमच्या तुर्भ्याच्या वस्तीतून २० मार्चला महाडला जाणारी कुटुंबे पुष्कळ. पूर्वी एस.टी. नाहीतर मंडळाने ठरवलेला ट्रक, त्यात बायाबापड्या, लेकरे, भाकरीची गाठोडी असा तो प्रवास असे. आता तीन-चार घरे मिळून गाडी करतात आणि ज्याची स्वतःची आहे तो ती काढतो. २०२४ साली आम्ही भाच्याच्या गाडीतून गेलो. चवदार तळ्यावर अभिवादन करून संध्याकाळी परत फिरलो आणि कोलाडच्या पुढे, सुकेळी खिंडीच्या चढावर गाडीने धक्के मारायला सुरुवात केली. मीटरमध्ये इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. नुसता लागला नाही, उघडझाप करू लागला.

ही गाडी का घेतली ते सांगणे भाग आहे. भाच्याच्या आईला, म्हणजे आमच्या थोरल्या आक्काला, आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला न्यावे लागते. रिक्षाचे जाणे-येणे परवडत नव्हते आणि परतीच्या वेळी रिक्षा मिळेपर्यंत तिला उभे राहवत नव्हते. म्हणून पतपेढीचे कर्ज काढून भाच्याने २०१२ सालची, दोन मालकांच्या हातून आलेली, तीन सिलिंडरची छोटी गाडी घेतली, गॅसवर चालणारी. २० मार्चला बुधवार होता. गुरुवारी सकाळी सातला आक्काची पाळी. दिवा उघडझाप करू लागला तेव्हा गाडीत सगळे गप्प झाले ते त्यामुळे.

रस्त्याकडेच्या एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडले, दोन वायरी हलवल्या आणि म्हणाला, "कॉम्प्युटर उडालाय. अठरा हजार धरा." त्याच्या दाराला लिंबू-मिरची टांगलेली होती. तशी एक आमच्या गाडीलाही बांधा, असा सल्ला त्याने फुकट दिला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरची माणसे आम्ही, हसून नको म्हणालो. पण लिंबाला हसणारे आम्ही त्या 'कॉम्प्युटर'वर मात्र लगेच विश्वास ठेवून बसलो! कोणतेही यंत्र न लावता त्याला ते कळले कसे, हा प्रश्न गाडीतल्या सहा माणसांपैकी एकालाही सुचला नाही. शेवटी त्याने बॅटरीची एक वायर काढली, दहा मिनिटांनी परत लावली. दिवा गेला. तीनशे रुपये देऊन निघालो. वडखळ यायच्या आत दिवा पुन्हा हजर. कसेबसे रात्री उशिरा घरी पोचलो आणि सकाळी आक्काला रिक्षानेच नेले.

पुढचा शहाणपणा आमचा. ओळखीच्या एका गृहस्थाच्या गाडीत असाच दिवा लागला होता, त्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदलला आणि दिवा गेला. आम्ही भाच्याला तेच करायला लावले. चार हजार दोनशे रुपये गेले, दिवा तसाच. भाच्याचा महिन्याचा हप्ता साडेतीन हजारांचा. "असू द्या मामा," एवढेच तो म्हणाला. त्याने दोन शब्द ऐकवले असते तर आम्हाला बरे वाटले असते.

धाकटी भाची आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळ्या वर्गात मुली दोनच. ती रविवारी आली आणि तिने पहिला प्रश्न केला, "मामा, पेट्रोलवर टाकून पाहिली का?" कोणीच पाहिली नव्हती. पाहिली. पेट्रोलवरही गाडी मिसिंग मारत होती, पण कमी. "म्हणजे गॅस किटचा दोष नाही, दोन्हीला लागणारी वस्तू खराब आहे. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, म्हणून तिथे आधी कळतं." एवढे निदान तिने कुठलेही यंत्र न लावता केले. फुकटात.

मग तिने मैत्रिणीकडून आणलेला स्कॅनर लावला. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात काडेपेटीएवढे यंत्र बसते आणि मोबाईलवर सगळे दिसते. साधे यंत्र हजार रुपयांच्या आत मिळते. (२०१० च्या आधीच्या काही गाड्यांशी ही स्वस्त यंत्रे बोलत नाहीत, तिथे गॅरेजचा मोठा स्कॅनर लागतो. घेण्याआधी आपल्या गाडीवर लावून पाहावे.) पडद्यावर आले : पी ०३०३.

हे आकडे म्हणजे गूढ मंत्र नव्हेत. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअर यांचा विभाग. पुढचा शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना सारखाच. त्यानंतरचा तीन हा ठिणगीचा आणि मिसिंगचा वर्ग. शेवटचे ०३ म्हणजे तिसरा सिलिंडर. पी ०३०१ असता तर पहिला, पी ०३०० असता तर एकाहून अधिक किंवा कधी हा कधी तो. म्हणजे गाडी कधीपासून सांगत होती की तिसरा सिलिंडर नीट पेटत नाही, आणि आम्ही सायलेन्सरच्या पाइपातला सेन्सर बदलत होतो.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कोड खराब वस्तूचे नाव सांगत नाही. कुठे बिघडले ते सांगतो, कशाने ते नाही. तिसरा सिलिंडर न पेटण्याला कॉइल, प्लग, इंजेक्टर, त्यांच्या वायरी किंवा आतले कॉम्प्रेशन, यांपैकी काहीही कारण असू शकते. भाचीने इंजिन थंड होऊ दिले, चावी काढली, दहा नंबरचा पाना घेतला आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर व पहिल्याची तिसऱ्यावर बसवली. कोड वहीत लिहून घेऊन मग पुसला. पुलाच्या चढावर एक फेरी मारली. दिवा लागला, कोड आता पी ०३०१! दोष कॉइलबरोबर पहिल्या सिलिंडरवर आला होता. म्हणजे गुन्हेगार कॉइलच. कोड तिसऱ्यावरच राहिला असता तर तिने प्लगची अशीच अदलाबदल केली असती, मग इंजेक्टर. नवी कॉइल चौदाशे, तिन्ही प्लग साडेचारशे. मंगळवारी आक्का गाडीने डायलिसिसला गेली.

ज्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते तिथेच ही युक्ती चालते. जुन्या काही गाड्यांत एका कॉइलवर दोन सिलिंडर असतात, तिथे प्लगच्या वायरी आधी तपासाव्यात.

हा दिवा आला कुठून? आमच्या पिढीने जी काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी पाहिली, जी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली, तिच्यात असला दिवा नव्हता. कार्बोरेटर होता आणि मिस्त्रीचा कान होता. तिकडे अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर धुरकट हवेचे आवरण बसू लागले. ते मोटारींच्या व कारखान्यांच्या धुरापासून उन्हात तयार होते, हे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवले. पुढे कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या गाड्यांपासून, आणि १९९६ पासून साऱ्या अमेरिकेने, असा नियम केला की धूर वाढवणारा बिघाड गाडीने स्वतः ओळखून चालकाला सांगावा. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांबरोबर २०१० पासून ही व्यवस्था आली आणि २०१३ पासून ती अधिक कडक झाली. म्हणजे हा दिवा मुळात हवेचा पहारेकरी आहे. सिग्नलवर उभे राहून पोट भरणाऱ्या, रस्त्याला लागून झोपडी असलेल्या माणसांच्या छातीत तो धूर आधी जातो. तेव्हा 'गाडी चालतेय ना, मग राहू दे दिवा' हे म्हणणे आम्हाला पटत नाही.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घाबरू नये, घरी जावे, दोन-चार दिवसांत कोड वाचून घ्यावा. उघडझाप करत असेल तर वेग कमी करून थांबावे. कारण न पेटलेले इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते आणि तो आतून वितळतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम असले महागडे धातू असतात, त्यामुळे चौदाशेची कॉइल वेळेवर न बदलल्याने बिल कितीतरी हजारांवर जाते. आम्ही सुकेळीपासून तुर्भ्यापर्यंत तसेच आलो, तो वाचला हे आमचे नशीब, अक्कल नव्हे. आणि तेलाच्या किटलीचा किंवा तापमानाचा लाल दिवा ही वेगळीच बाब आहे. तो लागला की गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे, मग टोचन करून न्यावी लागली तरी बेहत्तर.

कोड वाचण्याआधी बॅटरी काढू देऊ नये. दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती गरम होते, किती वेगात फिरत होते, ही नोंदही कॉम्प्युटर ठेवतो. बॅटरी काढली की कोडबरोबर ती नोंदही पुसली जाते. त्या गॅरेजवाल्याने तीनशे रुपयांत नेमके हेच केले होते.

नेहमी येणाऱ्या कोडांपैकी पी ०१७१ म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. यावर पुष्कळ जण ऑक्सिजन सेन्सर बदलतात. पण हा सेन्सर तर निरोप आणणारा. तार घेऊन येणारा पोस्टमन बदलला म्हणून तारेतला मजकूर बदलत नाही. आधी रबरी पाइप कुठे चिरला आहे का, इंजिन चालू असताना सूं असा आवाज येतो का, फिल्टर तुंबला आहे का ते पाहावे. गॅसवरच हा कोड येत असेल आणि पेट्रोलवर नसेल तर गॅस किटवाल्याकडे जावे. पी ०१३५ म्हणजे त्या सेन्सरच्या हीटरचा विद्युतमार्ग. फ्यूज आणि वायर आधी, सेन्सर नंतर. पी ०४२० कन्व्हर्टर नीट काम करत नाही असे सांगतो, पण मिसिंग किंवा सायलेन्सरची गळती असेल तर तोही फसतो. म्हणून कन्व्हर्टरला हात सर्वांत शेवटी.

आणि उंदीर! वस्तीत नाल्याकाठी गाडी उभी राहते, पावसाळ्यात इंजिनच्या उबेला उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात. कुठल्याही कोडावर पहिली दहा मिनिटे टॉर्च घेऊन वायरी, कपलर आणि बॅटरीची अर्थिंग पाहण्यात घालवावीत. हिरवट गंज, ओले कपलर, कुरतडलेली वायर हे नुसत्या डोळ्यांनी दिसते.

भ्रमणध्वनीवर चित्रफिती पाहून कोणी 'पेट्रोल टाकीचे झाकण घट्ट करा, दिवा जाईल' असे सांगतात. तिकडच्या गाड्या टाकीतून वाफ गळते का तेही तपासतात. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत ती तपासणीच नाही. झाकण घट्ट करावे, पण दिवा त्याने जाईल ही आशा धरू नये.

गॅरेजवाले सगळे लबाड असतात असे आमचे म्हणणे नाही. त्यांत आपलेही कितीतरी तरुण आहेत, उन्हातान्हात खपणारे. तपासणीचे पैसे वेगळे मागितले तर ते द्यावेत, ती त्याची मजुरी आहे. मात्र कोड कोणता आला तो कागदावर लिहून घ्यावा, कोणती चाचणी करून वस्तू खराब ठरवली ते विचारावे आणि काढलेली जुनी वस्तू मागून घ्यावी.

या प्रकारानंतर आमच्या विहाराच्या मंडळाने वर्गणीतून एक स्कॅनर घेतला. रविवारी वंदनेनंतर भाची आणि तिची मैत्रीण तासभर बसतात. वहीत तारीख, गाडीचे साल, कोड आणि पुढे काय निघाले ते लिहितात. पहिली नोंद शेजारच्या चाळीतल्या एका बांधवाची आहे. त्यांनी जुनी गाडी ठरवली होती, दाखवायला घेऊन आले. चावी अर्धी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी हा पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि सुरू झाल्यावर गेला पाहिजे. त्या गाडीत तो लागलाच नाही. भाचीने ती तिथेच नापास केली. नंतर मीटर उघडले तर दिव्याच्या जागेवर काळी टेप चिकटवलेली निघाली. व्यवहार मोडला. टोकनचे दोन हजार मात्र अजून परत आलेले नाहीत.