मुखपृष्ठावरील चेहऱ्याचे अर्थशास्त्र

नियतकालिकाच्या मुखपृष्ठाचा विचार आपल्याकडे बहुधा कलेच्या अंगाने होतो, क्वचित सभ्यतेच्या अंगाने होतो. अर्थशास्त्राच्या अंगाने मात्र तो फारसा कोणी करीत नाही. वस्तुतः मुखपृष्ठ ही त्या नियतकालिकाची स्वतःचीच जाहिरात असते. अंक वाचकाला विकला जातो आणि त्या अंकाचा वाचक जाहिरातदाराला विकला जातो. या दुहेरी व्यवहारातील पहिला सौदा जुळवून देण्याचे काम मुखपृष्ठावरील चेहऱ्याकडे सोपविलेले असते. तेव्हा छापण्यापूर्वी त्या चेहऱ्यावर कोणकोणते उपचार झाले, हे विचारण्याचा अधिकार ग्राहक या नात्याने वाचकाला आहे, असे मानावयास हरकत नसावी.

हा मुंबईच्या गुळगुळीत कागदावरील मासिकांचा प्रश्न आहे, परळी–बीड रस्त्यावरील सिरसाळ्यासारख्या गावाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. ते मासिक सिरसाळ्यात येत नसेलही; पण त्याने ठरविलेले माप येते. ते कसे येते, हे पाहण्यापूर्वी या कारागिरीची थोडी पूर्वपीठिका ध्यानात घेतली पाहिजे.

मराठी वाचकाला सुंदर केलेले मुखपृष्ठ नवीन नाही. १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू करणारे दीनानाथ दलाल काय किंवा रघुवीर मुळगावकर काय, त्यांच्या कुंचल्यातून उतरलेल्या स्त्रिया कोणत्याही गावात पाणवठ्यावर भेटत नसत, आणि भेटाव्यात अशी कोणाची अपेक्षाही नसे. चित्र हे चित्र आहे, हा करार चित्रकार आणि वाचक यांच्यात आधीच झालेला होता. छायाचित्राचा करार निराळा. ‘ही व्यक्ती कॅमेऱ्यापुढे अशी उभी होती’ अशी साक्ष छायाचित्र देते. दलालांच्या चित्राचा दाखला देऊन आजच्या संगणकीय रंगसफेदीचे समर्थन करणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे होय.

ही साक्ष पूर्वीही निर्भेळ नव्हती, हे मान्य केले पाहिजे. जुन्या स्टुडिओत ‘रिटचिंग’ हा धंद्याचा भागच होता. निगेटिव्हवर जो भाग गडद, तो छापात उजळ उमटतो. त्यामुळे डोळ्यांखालची काळसर छटा किंवा कपाळावरची आठी निगेटिव्हवर फिकट दिसे. तिच्यावर टोकदार शिसपेन्सिल हलक्या हाताने फिरविली की छापात ती नाहीशी होई. उलट, चेहऱ्याचा एखादा भाग गडद करावयाचा झाला तर पात्याने निगेटिव्हचा थर खरवडावा लागे, आणि हात चुकला की निगेटिव्ह कायमची वाया जाई. म्हणजे माणूस उजळ करणे सोपे आणि सावळा करणे जोखमीचे, अशी त्या तंत्राचीच घडण होती. पुढे रंगीत फिल्म आली तरी झुकते माप तेच राहिले. प्रयोगशाळेत रंग जुळवून पाहण्यासाठी कोडॅक कंपनी जे नमुना-कार्ड पुरवीत असे, त्यावर कित्येक वर्षे गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. धंद्यात ते ‘शर्ली कार्ड’ या नावाने ओळखले जाई. तिचा वर्ण नीट उतरला की यंत्र ठीक चालले आहे, असे समजावयाचे!

१९९० मध्ये ‘फोटोशॉप’ बाजारात आले आणि पेन्सिल व पाते यांच्यातील हा फरक नाहीसा झाला. आता दोन्ही दिशांना सारख्याच सहजतेने जाता येते. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. जून १९९४ मध्ये ओ. जे. सिम्पसन या प्रसिद्ध कृष्णवर्णीय खेळाडूला खुनाच्या आरोपावरून अटक झाली. पोलिसांनी काढलेले त्याचे एकच छायाचित्र ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर घेतले. ‘न्यूजवीक’ने ते होते तसे छापले, ‘टाइम’ने चेहरा अधिक काळा, अधिक भेसूर करून छापला. दोन्ही अंक विक्रेत्याकडे शेजारी-शेजारी मांडले गेल्यामुळे ही करामत लपली नाही आणि ‘टाइम’वर टीकेची झोड उठली. खटला उभा राहण्यापूर्वीच रंगाच्या छटेने निकाल सुचविला होता.

भारतात हात फिरतो तो मात्र बहुधा एकाच दिशेने. ‘एल’ या मासिकाच्या भारतीय आवृत्तीने २०१० च्या अखेरीस ऐश्वर्या राय यांचा वर्ण मुखपृष्ठावर उजळविल्याचा आरोप झाला होता. ज्यांना विश्वसुंदरी म्हणून जगाने मुकुट घातला, त्यांच्याही वर्णात सुधारणेला वाव दिसावा, हे विशेष! २०१९ च्या मे महिन्यात मिस इंडिया स्पर्धेतील तीस स्पर्धकांची छायाचित्रे एका वृत्तपत्रात एकत्र प्रसिद्ध झाली, तेव्हा निरनिराळ्या राज्यांतल्या या मुली एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात, सर्वांचा वर्ण एकच, केसही जवळजवळ एकसारखेच, असा गदारोळ झाला होता.

‘लोकांना हेच हवे असते’ हे यावरचे ठरलेले उत्तर. गॅलब्रेथ यांनी १९५८ मध्ये ‘द ॲफ्लुएंट सोसायटी’ या ग्रंथात या उत्तराचा समाचार घेतला होता : ज्या गरजा उत्पादकच निर्माण करतो, त्या भागविल्याचे श्रेय त्याला घेता येत नाही. स्मिता पाटील यांचा सावळा चेहरा ‘जैत रे जैत’ आणि ‘उंबरठा’ यांतून महाराष्ट्राने डोक्यावर घेतला, तो काही कोणी उजळवून दिल्यामुळे नव्हे. आणि ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम १९७५ पासून या देशात ज्या नावाने विकले गेले, ते नाव २०२० मध्ये कंपनीला बदलावे लागले. मागणी इतकी नैसर्गिक आणि निष्पाप असती, तर ही पाळी आली नसती.

आता सिरसाळ्याकडे येऊ. आपल्या भागात चेहऱ्याच्या छायाचित्राचा खरा बाजार मासिकात नव्हे, विवाहात आहे. मुलीचे स्थळ सांगून जाते तेव्हा माहितीपत्रकाबरोबर छायाचित्र जाते, आणि स्टुडिओवाला न सांगता ते दोन छटा उजळ करून देतो. यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० च्या एका निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे विवेचन केले आहे. मालाचा खरा दर्जा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असला, की ग्राहक सर्वांवरच अविश्वास दाखवितो, सरासरी किंमत देऊ करतो आणि प्रामाणिक विक्रेत्याला बाजारातून उठावे लागते. माणसाला माल म्हणावयास जीभ रेटत नाही. परंतु आपली विवाहपद्धती तसे वागविते, त्याला काय करावे? सर्वच छायाचित्रे उजळ केलेली असतात हे वरपक्षाला ठाऊक असल्यामुळे, जे मूळचे तसेच पाठविले जाईल तेही मनातल्या मनात दोन छटा काळे करून पाहिले जाते. मग खरे छायाचित्र पाठविण्याचे धाडस कोणता बाप करील? सगळ्यांनीच उजळ केले म्हणजे कोणाचाच फायदा उरत नाही. खर्च तेवढा सर्वांना पडतो. आणि प्रत्यक्ष बघण्याच्या कार्यक्रमात छायाचित्र आणि मुलगी यांतील तफावतीचा अपमान एकट्या मुलीला सोसावा लागतो.

आणखी एक गोष्ट. या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला हजारो कुटुंबे बाहेर पडतात. उन्हात रापलेला चेहरा हा येथे कष्टाचा दाखला आहे. छायाचित्रातून पुसला जातो तो वर्णाबरोबर हा दाखलाही. उन्हात न जाणे ज्यांना परवडते त्यांचा वर्ण सौंदर्याचे माप ठरावा, यात वर्गाचा भाग किती आणि रूपाचा किती, याचा विचार व्हावयास हवा.

यावर उपाय काय? उपदेशाने हे थांबणार नाही, कारण एकट्याने थांबणाऱ्याचे नुकसानच होते; येथे सर्वांना बांधणारा नियम हवा. पण नियमांची स्थिती चमत्कारिक आहे. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून, मॉडेलची अंगकाठी बदललेली असेल तर व्यापारी छायाचित्रावर तशी सूचना छापणे बंधनकारक झाले. नॉर्वेनेही २०२२ पासून तसाच कायदा अमलात आणला. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये वर्णावरून कमी लेखणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे ठरविली, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु या सर्वांचा रोख जाहिरातीवर. मुखपृष्ठ हा संपादकीय मजकूर समजला जातो. म्हणजे जी अंकाची सर्वांत मोठी जाहिरात, तीच जाहिरातीच्या नियमांतून निसटते.

सूचना छापून वाचकाच्या मनावरचा परिणाम पुसला जात नाही, असे बहुतेक प्रयोगांत आढळले आहे, आणि हा आक्षेप खरा आहे. परंतु सूचनेचा उपयोग वाचकाला शहाणे करण्यासाठी नाही. तो उत्पादकाला अडचणीत आणण्यासाठी आहे. फ्रान्सचा कायदा येताच ‘गेटी इमेजेस’ या छायाचित्रे पुरविणाऱ्या मोठ्या संस्थेने अंगकाठी बदललेली छायाचित्रे घेणेच बंद केले. कबुली छापण्यापेक्षा ती करामत न करणे स्वस्त पडले!

मुखपृष्ठाला अशी कबुली लागू करण्यासाठी कायद्याचीच वाट पाहिली पाहिजे असेही नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये ज्युलिया ब्लूम या चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीने ‘सेव्हन्टीन’ या मासिकाकडे, महिन्यातून निदान एक छायाचित्रमाला तरी हात न फिरवता छापा, अशी मागणी केली. तिच्या अर्जावर ऐंशी हजारांहून अधिक सह्या झाल्या, आणि मुलींच्या चेहऱ्याची वा शरीराची ठेवण बदलणार नाही असे त्या मासिकाला जाहीर करावे लागले. आपल्याकडे १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून दिवाळी अंकांची परंपरा आहे, आणि मुखपृष्ठ कोणाचे हे आतल्या पानावर छापण्याचा शिरस्ता त्यात रूढ आहे. चकचकीत मासिके छायाचित्रकार, वेशभूषाकार, केशरचनाकार, इतकेच काय, कपडे पुरविणाऱ्या दुकानाचेही नाव देतात. ज्याने संगणकावर चेहरा बदलला त्याचे नाव मात्र सहसा नसते. ते एक नाव, आणि त्यापुढे त्याने काय बदलले याची एक ओळ, एवढी मागणी तरी वर्गणीदार आणि ग्रंथालये पुढील अंकाची वर्गणी भरताना करू शकतील.