दिवाळीनिमित्त मेस बंद राहील

दसरा झाला की पुण्याच्या पेठांतल्या खाणावळींच्या दारांवर एक कागद चिकटतो. ‘दिवाळीनिमित्त मेस बंद राहील.’ खाली तारखा, त्याखाली ‘सुट्टीचे खाडे धरले जातील’, आणि शेवटी दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. नवी पेठेत आमच्या कार्यालयाच्या तळमजल्यावर अशीच एक मेस आहे. अंकाची शेवटची पानं छपाईला जातात त्याच सुमारास हा कागद लागतो, आणि इतकी वर्षं आम्ही तो मेसवाल्या मावशींच्या सुट्टीची वर्दी म्हणूनच वाचत आलो. गेल्या वर्षी जिन्यात एक मुलगा त्या कागदापुढे उभा राहून बोटांवर तारखा मोजत होता. “काका, पाच दिवस,” एवढंच म्हणाला.

हा मुलगा वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेतला. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, अभ्यासिका म्हणजे एक मोठी खोली, तिच्यात प्लायवूडचे आडोसे घातलेली टेबलं आणि महिन्याच्या भाड्याने मिळणारी एक खुर्ची. झोपायला ‘कॉट बेसिस’वर जागा. म्हणजे खोली नव्हे, खोलीतली एक कॉट. जेवायला मेस. सदाशिव, नारायण, नवी पेठ आणि शास्त्री रस्ता या टापूत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुलं-मुली खुर्ची, कॉट आणि ताट या तिन्हींच्या हिशेबात वर्षं काढतात. कुणी हिंगोलीचं, कुणी वाशीमचं, कुणी नंदुरबारचं. घरी सोयाबीन विकलं गेलं की पैसे येतात. गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले, पण गावाकडच्या बोलण्यात पोरगा अजून लाल दिव्याच्या गाडीतूनच परत यायचा असतो.

दिवाळीत घरी का जात नाही, असं विचारलं तर ट्रॅव्हल्सवाल्यांनी तिकीट किती चढवलंय ते ही मुलं सांगतात. ते खोटं नाही. पण तिकिटाचे पैसे जमले तरी काही जण जात नाहीत. घरी फराळाच्या ताटाबरोबर एक प्रश्न पुढे येतो, “मग, यंदा काय झालं?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आत्या विचारते, शेजारचे दादा विचारतात, दाढीला बसलं तर न्हावीही विचारतो. पहिल्या अटेम्प्टला सांगायला काहीतरी असतं. चौथ्याला ‘प्री दोन मार्कांनी गेली’ हे वाक्य स्वतःच्याच कानाला खोटं वाटायला लागतं. मुलींना हा प्रश्न एखाद्या स्थळासकट विचारला जातो.

बरं, ‘यंदा काय झालं’ याचं उत्तर कधीकधी ‘यंदा परीक्षाच झाली नाही’ असंही असतं. १४ मार्च २०२१ ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली, तेव्हा याच रस्त्यांवर मुलं बसली होती. मग ती २१ मार्चला झाली. २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्वपरीक्षा बँकभरतीच्या परीक्षेच्याच दिवशी आली. पुन्हा आंदोलन, आणि परीक्षा थेट १ डिसेंबरला. अपयशाने माणूस खचतो म्हणतात. आम्ही या जिन्यात जे पाहिलं त्यावरून वाटतं, अपयश पचवता येतं. तारीखच नसणं पचत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदी विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे त्या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवलं. राज्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा, १,७६४. या अहवालात ‘विद्यार्थी’ हा एक रकाना असतो आणि ‘बेरोजगार’ हा दुसरा. पदवी होऊन पाच वर्षं झालेला, कुठल्याही कॉलेजच्या पटावर नसलेला आमच्या जिन्यातला मुलगा यांतल्या कुठल्या रकान्यातला? प्रश्न कारकुनी वाटेल. पण कुणाच्याच पटावर नसणं हेच या मुलांचं दुखणं आहे. शाळेत निदान हजेरी होते.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि त्यात कोचिंग क्लासही आले. फार चांगलं झालं. अभ्यासिका मात्र काही शिकवत नाही, ती खुर्च्या भाड्याने देते. तिथे समुपदेशक कोण नेमणार? समुपदेशकाचं राहू द्या. जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात तळघरातल्या वाचनालयात पावसाचं पाणी शिरून तीन उमेदवार गेले. त्या बातमीनंतर आम्ही वर जाऊन बाहेर पडायचे दरवाजे मोजले. एकच निघाला, आणि त्यापुढे चपलांचं कपाट. कपाट हललंय. दुसऱ्या दरवाज्याबद्दल मालकांशी बोलणं चालू आहे.

परगावचा विद्यार्थी पुण्याला नवा नाही. माधुकरी मागून, वार लावून शिकलेल्यांच्या आठवणी मराठी आत्मचरित्रांतून जागोजाग आहेत. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. या पद्धतीचे गोडवे गायची आमची अजिबात इच्छा नाही. जातीची चौकट तिच्यात पक्की होती, आणि आमटीबरोबर उपकारही वाढले जात. पण एक गोष्ट होती. मंगळवारचा मुलगा मंगळवारी आला नाही, तर त्या घरात कळायचं. पान मांडलेलं असायचं आणि ते रिकामं राहायचं. मग कुणीतरी जाऊन बघून यायचं, ताप आहे की भांडण झालंय की आणखी काही. आज मेसच्या कार्डावर न आलेल्याची नोंद ‘खाडा’ अशी होते. खाडा म्हणजे एका जेवणाचे पैसे वाचले. सलग सहा खाडे पडले तर महिन्याअखेरीला हिशेब सोपा होतो, एवढंच.

जातीच्या त्या चौकटीबाहेरच्या मुलांसाठी पुढे इतरांनी वसतिगृहं उभी केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी, साताऱ्यात १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी, तेही सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली घेऊन. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. आपण मंगळसूत्रापाशी थांबतो आणि डोळे पुसतो. आम्हाला त्याच्या आधीची पायरी मोठी वाटते. कोठीत धान्य नाही आणि मुलं जेवायची आहेत, हे त्या बाईंना रोजच्या रोज माहीत असायचं.

यंदा ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी येणार आहे, त्यांना आमची विनंती आहे. परीक्षेचं चार दिवस राहू द्या. झोप लागते का, एवढं विचारा. जेवण तुटलंय का, रात्रीचा दिवस झालाय का, आवडीची पुस्तकं, घड्याळ अशा वस्तू उगाच वाटून टाकल्या जातायत का, ‘माझा सगळ्यांना भार झालाय’ असं हसत हसत बोललं जातंय का, हे बघा. शंका आली तर सरळ विचारा की जीव नकोसा वाटतो का. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर बहुतेकांना हायसं वाटतं, कारण इतके दिवस ते एकटेच ओझं वाहत असतात. उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश नको, शपथा नकोत. जवळ बसा, एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही. तिथे मुलाला बोलता येतं तसं आईवडिलांनाही येतं. आणि ‘केस होईल’ या धाकाने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानलं, आणि प्रयत्न केला म्हणून शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत आलेलं नाही.

संपादकीयात अंकाविषयी लिहायची पद्धत आहे. कथा, कविता, दोन प्रदीर्घ मुलाखती पुढे आहेतच, कागद महागलाय हेही तुम्हाला किमतीवरून कळलं असेल.

गेल्या दिवाळीचं राहिलं. बोटांवर तारखा मोजणाऱ्या त्या मुलाला आणि त्याच्या चार मित्रांना आम्ही पाडव्याला घरी जेवायला बोलावलं. पाच पानं मांडली, आले चारच. पाचवा ‘येतो म्हणालाय’ असं बाकीचे म्हणत होते, पण सकाळपासून त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. फोन लागेना. अर्धा तास वाट पाहून दोघं सायकलवर गेले. तो कॉटवर एकशेदोन तापात पडला होता, खोलीतले बाकीचे तिघे गावी गेलेले. डॉक्टर झाले, पेज झाली, दुसऱ्या दिवशी त्याने फोन करून आमच्या घरातल्यांना ‘काकू, श्रीखंड उरलंय का’ म्हणून विचारलं.

यंदा सात जणांनी येतो म्हणून सांगितलंय. त्यात तीन मुली आहेत, एकाला शेंगदाणे चालत नाहीत, आणि एकाची मुख्य परीक्षा जवळ असल्यामुळे तो जेवून लगेच जाणार आहे. श्रीखंड आठ जणांचं सांगितलंय.