विचारणारी सून

लग्न होऊन सासरी आल्यावर पहिल्या वर्षात तुम्ही सासूबाईंना किती प्रश्न विचारलेत? 'भाजी कोणती करू' आणि 'कुकर लावू का' हे सोडून हं! 'आपल्याकडे हे असं का करतात' किंवा 'घरखर्चाला कोण किती देतं' असा एखादा प्रश्न? मी तर नाही विचारला. असं विचारता येतं हेच माहीत नव्हतं. सुनेनं बघून बघून शिकायचं, आणि नाही जमलं तर 'आईनं काही वळण लावलं नाही' हे ऐकून घ्यायचं, एवढंच ठाऊक.

प्रश्न विचारणारी सून मी पहिल्यांदा पाहिली ती थायलंडमध्ये. आणि ती थाई नव्हती, इंग्लंडची होती.

आमच्या ह्यांची नोकरी लांपूनच्या औद्योगिक वसाहतीत होती. उत्तर थायलंडमधलं हे लहान शहर, चिआंग माईपासून तासाभराच्या आत. २००९ ते २०१५ अशी सहा वर्षं आम्ही चिआंग माईला राहिलो. आमच्या गल्लीत समोरच्या आवारात एक थाई कुटुंब होतं. सासू, सासरे, धाकटी लेक, जावई, आणि मोठा मुलगा व त्याची ही गोरी बायको. इंग्रजी शिकवायला म्हणून एका शाळेत आली आणि तिथेच लग्न करून राहिली. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणून मला 'पी' म्हणायची. तिकडे पी म्हणजे आपली ताई.

मला त्या गल्लीत फारसं परकं वाटलंच नाही. चपला दाराबाहेर, मोठ्यांसमोर वाकून जायचं, पाय कोणाकडे करायचे नाहीत. येता-जाता जो तो विचारणार, 'जेवलीस का?' आणि 'कुठे निघालीस?' मला माहेरच्या आळीत असल्यासारखं वाटायचं. ती मात्र सुरुवातीला वैतागायची. 'मी कुठे जाते याच्याशी यांना काय करायचंय?' नाहीतर मग थांबून खरंखुरं उत्तर द्यायची. बँकेत चाललेय, अमुक काम आहे, तमुक वाजता येईन. विचारणारी बिचारी अवघडून जायची!

पण खऱ्या अडचणी पुढेच होत्या. उत्तर थायलंडमधली जुनी रीत अशी की लग्नानंतर मुलगा मुलीच्या घरी राहायला जातो. आपल्याकडे 'घरजावई' म्हटलं की लोक हसतात, तिकडे ती साधी रीत आहे. धाकटी लेक आईवडिलांजवळ राहते, त्यांना सांभाळते, आणि बहुधा घरही तिलाच मिळतं. हुंडा नाही. उलट मुलाकडच्यांनी मुलीच्या आईवडिलांना पैसे किंवा सोनं द्यायचं, त्याला 'सिन्सोत' म्हणतात. मुलगी वाढवली त्याबद्दलची ती कृतज्ञता. आता हिचं माहेर पडलं इंग्लंडात. सासूनं प्रामाणिकपणे विचारलं, 'तुझ्या आईला किती पाठवायचं?' इंग्लंडच्या आईला वाटलं, ही काय मुलीची किंमत विचारतायत! शेवटी एक बाहत सोन्याच्या साखळीवर मिटलं. बाहत हे तिकडचं चलन, तसंच सोन्याचं मापही आहे, आपल्या तोळ्यासारखं. साधारण पंधरा ग्रॅम. ती साखळी तिची आई रोज घालायची म्हणे.

तिकडे एक शब्द फार ऐकू येतो, 'क्रेंगजाय'. समोरच्याला त्रास नको, त्याचं मन दुखायला नको, म्हणून आपणच गप्प बसायचं. मला पहिल्यांदा त्याचा अर्थ कळला तेव्हा वाटलं, अरे, ही तर आपली भीड! आणि आपल्याकडे भिडेला भिकेची बहीण का म्हणतात तेही त्या घरात बघायला मिळालं.

२०१० साली तिला मुलगा झाला. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात ना, तसंच तिकडेही आहे. त्याला 'यू फाय' म्हणतात, म्हणजे आगीपाशी राहणं. गरम शेक, गरम पाणी, थंड काही खायचं नाही, दूध यावं म्हणून केळफूल आणि मिरी घातलेलं गरमागरम सूप. सासूनं आठवडाभर आधी सगळी तयारी करून ठेवली होती. आणि हिनं सरळ सांगितलं, 'मला हे काही नको.' झालं! सासू एक शब्द बोलली नाही. पंधरा दिवस बोलली नाही. क्रेंगजाय! मुलगा मधल्या मधे. माझ्याकडे येऊन ती रडली, 'पी, मी काय चुकीचं बोलले?' मी म्हटलं, 'बोललीस ते चुकीचं नाही गं, पण तू काही विचारलंच नाहीस.'

दुसऱ्या वेळी, २०१३ मध्ये मुलीच्या बाळंतपणात तिनं आधीच सासूपाशी बसून विचारलं, 'या आगीनं नेमकं काय होतं? तुम्हाला कसं वाटलं होतं?' सासूनं स्वतःच्या बाळंतपणाची गोष्ट सांगितली. ती घरातल्या कोणालाच ठाऊक नव्हती, तिच्या लेकीलाही नाही. मग दोघींनी मिळून ठरवलं. सूप आणि अंगाला शेक घ्यायचा. उन्हाळ्यात बंद खोलीत आगीपाशी बसायचं नाही, डॉक्टरही नको म्हणत होते. दोघी खूश. नाही म्हणणं आणि विचारणं यात केवढा फरक आहे, ते मला तेव्हा दिसलं.

मग पैशांचा विषय निघाला. तिचा नवरा दर महिन्याला आईला पैसे द्यायचा, हे तिला बँकेच्या पासबुकावरून कळलं. त्यानं लपवलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. तिकडे याला 'कतान्यू' म्हणतात. शब्द पालीतला, म्हणजे आपला 'कृतज्ञ'च. मुलानं आईवडिलांचं ऋण फेडायचं, भिक्षू होऊन पुण्य मिळवून द्यायचं आणि जमेल तसे पैसे द्यायचे. मुलीला भिक्षू होता येत नाही, म्हणून तिनं पैशानं आणि हातापायांनी फेडायचं.

इंग्लंडच्या मुलीला हे नवीन. तिथे म्हाताऱ्या माणसांना सरकारची पेन्शन असते, मुलं दरमहा पैसे देत नाहीत. तिनं भांडण केलं नाही. एका रविवारी जेवणं झाल्यावर मोडक्यातोडक्या थाईत सगळ्यांसमोर विचारलं, 'या घराला महिन्याला किती लागतात? कोण किती देतं?' सगळे एकदम चूप. सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला! पण परकी आहे, तिला कळत नाही, म्हणून कोणी रागावलं नाही. मग वही आली आणि हिशेब मांडला गेला. तेव्हा कळलं की सगळ्यात जास्त देत होती ती धाकटी लेक. पगारातला जवळजवळ अर्धा भाग, शिवाय आईची औषधं, वडिलांचं दवाखान्यात नेणं-आणणं, रोजचा भात, धुणं. घर पुढे तिचंच होणार म्हणून तिनं करायचंच, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. तिला कधी कोणी विचारलं नव्हतं, आणि तीही कधी बोलली नव्हती. त्या दिवसापासून भावानं रक्कम वाढवली आणि दवाखान्याचे दिवस वाटून घेतले. प्रश्न विचारला सुनेनं, पण ओझं हलकं झालं नणंदेचं. म्हणून मला ही गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटली.

आणखी एक. थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. फ्लॅट घेता येतो, तोही इमारतीतली एकोणपन्नास टक्क्यांपर्यंतचीच जागा परदेशी लोकांच्या नावे असू शकते. प्रत्येक घराचं एक निळं पुस्तक असतं, आपल्या रेशनकार्डासारखं. त्यात नवऱ्याचं, मुलांचं, सगळ्यांचं नाव, हिचं नाही. परदेशी माणसांसाठी पिवळं पुस्तक वेगळं. शिवाय दर नव्वद दिवसांनी 'मी इथेच राहते' हे सरकारदरबारी कळवायचं. आणि तिनं तर आपल्या साठवलेल्या पैशातून सासूच्या जागेवर दोन खोल्या बांधायला काढल्या होत्या! मी म्हटलं, 'उद्या काही झालं तर?' ती म्हणाली, 'विचारते.' आणि खरंच विचारलं. ती जागा सासूला तिच्या आईकडून मिळालेली. सासू दोन दिवस विचार करत बसली. मग सुनेला घेऊन जमिनीच्या कचेरीत गेली आणि त्या घरात तहहयात राहण्याचा, वापरण्याचा हक्क सुनेच्या नावे नोंदवून आली. कायद्यानं परदेशी माणसालाही तो देता येतो आणि मालकीच्या कागदावर त्याची नोंद होते. सासू म्हणाली, 'तू विचारलं नसतंस तर मला सुचलंच नसतं.' आपल्याकडे नावाचा विषय काढला की 'आमच्यावर भरवसा नाही का?' हे ठरलेलं. तिच्या सासूला तसं वाटलं नाही, कारण तिला सगळ्याच गोष्टी विचारायची सवय आहे हे तोवर माहीत झालं होतं.

आम्ही २०१५ मध्ये परत कराडला आलो. पण फोन चालू राहिला. २०२० च्या फेब्रुवारीत इंग्लंडात तिची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. वडील आधीच गेलेले, ही एकुलती एक. मुलं दहा आणि सात वर्षांची, सासऱ्यांची तब्येत नरम. मला वाटलं, आता ही अडकली. पण तिची सासू तिला म्हणाली, 'तू मुलगी आहेस ना? मग आईपाशी तूच जायला हवं. मुलांना आम्ही बघतो.' त्यांच्या रीतीप्रमाणे यात विशेष काहीच नव्हतं. आईवडिलांना लेक सांभाळते, मग लेक इंग्लंडची असली म्हणून काय झालं? दोन महिन्यांसाठी गेली, आणि कोविडमुळे एप्रिलमध्ये थायलंडनं येणारी विमानं बंद केली. परतायला सप्टेंबर उजाडला, वर चौदा दिवस हॉटेलात एकटीनं काढायचे. सात महिने तिची मुलं सासू आणि नणंदेनं सांभाळली. नणंद फोनवर मला म्हणाली, 'माझ्यासाठी ती बोलली होती, मी कसं विसरेन?'

आता मुलगा मोठा झालाय. बाप थाई म्हणजे मुलगाही थाई, आणि थाई मुलांना एकविसाव्या वर्षी लष्करभरतीच्या सोडतीला जावं लागतं. एप्रिलमध्ये भर मांडवात पेटीत हात घालून चिठ्ठी काढायची. काळी निघाली तर घरी, लाल निघाली तर लष्करात, दोन वर्षांपर्यंत. शाळेत तीन वर्षं लष्करी प्रशिक्षण घेतलं तर सोडत टळते. तिची झोप उडाली होती. आम्ही बायका काय काय सुचवत होतो, इंग्लंडला पाठव, असं कर, तसं कर. तिनं काय केलं? मुलालाच विचारलं. तो म्हणाला, 'मी शाळेतलं प्रशिक्षण घेतो, पण इथेच राहतो.' तिच्या मनात इंग्लंड होतं. तरी ऐकलं त्याचं. प्रत्येक वेळी उत्तर आपल्या मनासारखं येतंच असं नाही ना!

आता माझं सांगते, थोडं लाज वाटून. तिची सासू 'आईपाशी जा' म्हणाली त्याच काळात माझी आई मिरजेला एकटीच होती. दादा पुण्याला. 'दादा बघतोय ना' असं म्हणत मी लांब राहिले होते. घरखर्चातून वाचवून कधी हजार-दोन हजार हातावर ठेवायची, तेही ह्यांना न सांगता, जणू चोरीच. मुळात लेकीनं आईवडिलांना सांभाळणं ही आपल्याकडे मेहेरबानी नाही, जबाबदारीच आहे. लग्न झालेल्या मुलीवरही ती येते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८७ सालीच सांगितलं, तेही आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात. कायदा बदलला, भीड काही गेली नाही.

शेवटी मी विचारलं. ह्यांना आणि सासूबाईंना, दोघांनाही एकदम, चहाच्या वेळी. 'आईला वर्षातले तीन महिने इथे आणू का? आणि तिच्या औषधांचं मी माझ्या शिवणकामाच्या पैशातून करते, उघडपणे.' हे गप्प बसले. सासूबाई म्हणाल्या, 'एवढी वर्षं का नाही विचारलंस?' मला वाटलं होतं नाही म्हणतील. आईलाच समजवायला जास्त वेळ लागला. लेकीच्या घरी कसं राहायचं, लोक काय म्हणतील! पण आली. सध्या दुपारी दोघी म्हाताऱ्या मिळून मालिका बघतात आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात.

सगळ्याच घरांत असं गोड उत्तर येणार नाही, हे मलाही कळतं. काही घरांत तोंड उघडलं की वादळ होतं, आणि तिथल्या बाईला 'विचार गं' म्हणून सांगणं सोपं आहे. पण बऱ्याच घरांत आपण नकार ऐकलेला नसतो, तो आपणच मनात धरून ठेवलेला असतो. त्या इंग्लंडच्या मुलीला ती परकी म्हणून विचारायची मुभा मिळाली. मैत्रिणींनो, सासरी आलो तेव्हा परक्या आपणही होतोच की! मग आपल्याकडून पहिल्या दिवसापासून सगळं माहीत असण्याची अपेक्षा का? आणि उद्या आपल्या घरी सून येईल, तेव्हा तिनं 'हे असं का?' म्हटलं, तर आपण तिचं वळण काढणार, की तिच्याजवळ बसून सांगणार?