बोर्ड नंतर घ्या, आधी सॉफ्टवेअर बघा

फायनल इयरचा प्रोजेक्ट ठरला की ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, 'बोर्ड कोणता घ्यायचा?' मग रास्पबेरी पाय महाग, ऑरेंज पाय स्वस्त, त्याला रॅम जास्त, अशी चर्चा रंगते. कुणीतरी पुण्याला निघालेलं असतं, तापकीर गल्लीतून बोर्ड येतो आणि सॉफ्टवेअरचा विचार त्यानंतर होतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. निदान आपल्या धाराशिव जिल्ह्यात तरी.

आपल्याकडचे प्रोजेक्ट कुठे चालवायचे असतात? कळंब-परंड्याकडच्या शेतात, जमिनीतल्या ओलाव्याची नोंद ठेवायला. झेडपीच्या शाळेत, नेटशिवाय मराठी विकिपीडिया दाखवायला. तिथे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. आणि काही बिघडलं तर दुरुस्त करणार कोण? व्हायवा झाला की निम्मा ग्रुप नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो. म्हणून खरा प्रश्न असा आहे की आपण निघून गेल्यावरही कोणतं सॉफ्टवेअर तग धरेल?

या छोट्या बोर्डांसाठी तीन ओपन सोर्स पर्याय नेहमी समोर येतात. तिन्ही मुख्यतः डेबियन लिनक्सवर उभे आहेत, पण स्वभाव वेगळे.

पहिला रास्पबेरी पाय ओएस. २०१२ मध्ये काही स्वयंसेवकांनी 'रास्पबियन' म्हणून तो सुरू केला, २०२० मध्ये आत्ताचं नाव मिळालं. तो फक्त पायच्याच बोर्डांसाठी आहे. पण २०१२ चा पहिला पायसुद्धा त्याने वाऱ्यावर सोडलेला नाही, त्याची ३२-बिट आवृत्ती त्यावर आजही चालते. शिवाय त्यात 'ओव्हरले'ची सोय आहे. ती चालू केली की मेमरी कार्डावर काही लिहिलं जात नाही, त्यामुळे अचानक लाईट गेली तरी कार्ड खराब व्हायची भीती बरीच कमी होते. शाळेतल्या विकिपीडियाच्या पेटीला हे एकदम फिट. शेतातल्या नोंदी मात्र मग वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवाव्या लागतील.

दुसरा आर्मबियन. अनेक स्वस्त बोर्डांना कंपनी स्वतःची सिस्टीम देते, ती जुन्या कर्नलवर असते आणि पुढे अपडेट येतीलच असं नाही. अशा कितीतरी बोर्डांना आर्मबियनने नवं आयुष्य दिलंय. पण त्याची यादी नीट वाचा. काही बोर्डांची जबाबदारी ठरावीक माणसाने घेतलेली असते, तर काही 'जमेल त्याने सांभाळा' म्हणून कम्युनिटीवर सोडलेले असतात. यादीत नाव असणं वेगळं आणि कुणी वाली असणं वेगळं!

तिसरा डाएटपाय. नावाप्रमाणेच सडपातळ, कमी रॅमच्या बोर्डाला सोयीचा. तो सिस्टीमचे लॉग रॅममध्ये ठेवतो, त्यामुळे कार्डाची झीज कमी होते. मात्र लाईट गेली की ते लॉगही जातात. म्हणजे बंद का पडलं, हे नंतर शोधणं अवघड.

कोड उचलतानाही हेच. इंटरनेटवरच्या जुन्या प्रोजेक्टमधली 'आरपीआय डॉट जीपीआयओ' ही लायब्ररी २०२३ मध्ये आलेल्या पाय ५ वर चालतच नाही. बोर्ड नवाकोरा, कोड ओळखीचा, तरी सेन्सर गप्प.

यंत्र संपतं, पण सांभाळणारे असले तर सॉफ्टवेअर टिकतं. याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरातच्या शाळेत २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे लॅपटॉप आले होते. त्या लॅपटॉपचे दिवस कधीच सरले. त्यातलं 'शुगर' हे सॉफ्टवेअर मात्र २००८ मध्ये 'शुगर लॅब्ज'ने हाती घेतलं, आणि आता ते रास्पबेरी पायवरही टाकता येतं.

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण पैशांचं काय? प्रश्न रास्त आहे. चौघांनी काँट्री काढूनही बजेट बसत नाही, हे आपण सगळे जाणतो. पण म्हणूनच नवा स्वस्त बोर्ड घेण्याआधी कॉलेजच्या लॅबमधलं कपाट उघडून बघा. सीनियर्सचा एखादा जुना पाय तिथे धूळ खात पडलेला असू शकतो. सॉफ्टवेअर जिवंत असलेला जुना बोर्ड हा अपडेट बंद पडलेल्या नव्या बोर्डापेक्षा कधीही भारी. आणि कपाटात ऑरेंज पाय सापडला, तर त्याला आर्मबियनमध्ये वाली आहे का ते आधी तपासा.

बोर्डाची ऑर्डर देण्याआधी फक्त तीन गोष्टी बघा. शेवटची आवृत्ती कधी आली? आपल्या बोर्डाची जबाबदारी कुणी घेतलीय का? नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरं मिळतात का? लिनक्सची धास्ती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर मराठीतून धडे आहेत. आणि प्रोजेक्ट सोपवताना तयार केलेलं एक जादा कार्ड आणि 'बंद पडलं तर काय करायचं' याचा एक मराठी कागद गुरुजींच्या हातात द्या. व्हायवात त्याला मार्क मिळणार नाहीत कदाचित, पण पुढच्या जूनमध्ये ती पेटी चालू असेल.