30 दिवसांत चावी जमा करा

निवृत्तीनंतरही सरकारी निवासस्थान अडवून बसलेल्यांनो, बदली होऊन जिल्ह्याला गेलात तरी मुंबईतल्या घराचे कुलूप न काढणाऱ्यांनो, आणि हे सारे ठाऊक असून फाइल कपाटात दाबून ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनो, हा इशारा तुम्हाला आहे. आजपासून 30 दिवस मोजा.

हा सांगणारा कोण, असे तुम्ही विचाराल. शासनाच्या सेवेत मी 31 वर्षे कारकुनी केली. त्यातली 22 वर्षे उपनगरातल्या एका शासकीय वसाहतीत काढली. निवृत्त झालो आणि मुदत संपण्याआधी घर सोडले. कनिष्ठ अभियंत्याने नळाच्या तोट्या मोजल्या, पंख्यांचे हुक मोजले, मीटरचे शेवटचे रीडिंग टिपले आणि ताबापावतीवर सही घेतली. बायको रिकाम्या ओट्यावरून हात फिरवत उभी होती. मुलगी त्याच घरात लहानाची मोठी झाली. जड गेले. पण घर माझे नव्हते, पदाचे होते. आता आम्ही बदलापूरला राहतो.

गेल्या महिन्यात एका आजारी सहकाऱ्याला भेटायला आमच्या जुन्या इमारतीत गेलो. दुसऱ्या मजल्यावरच्या दारावर तीच पितळी पाटी, हुद्द्यासकट. साहेबांना निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. कुलपाला नुकतेच तेल घातलेले. शेजारी म्हणाले, गणपतीत येतात, दोन दिवस राहून जातात. माझ्या जुन्या कार्यालयात नंदुरबारहून बदलून आलेली एक लिपिक आहे. प्रतीक्षा यादीत तिचे हे चौथे वर्ष. पहाटे चारला उठून डबा करते आणि आसनगावहून लोकल धरते. सहा वर्षांची मुलगी शाळा सुटल्यावर शेजारणीकडे बसून राहते. साहेब, तुमच्या त्या कुलपाआड या पोरीचे घर आहे.

कायदा नाही म्हणून हे चालले आहे, असे कोणी सांगू नये. शासकीय जागेतून अनधिकृत भोगवटादाराला काढण्याचा आपल्या राज्याचा कायदा 1955 चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये एस. डी. बंदी खटल्यात पायरीपायरीने वेळापत्रकच आखून दिले: निवृत्तीच्या तीन महिने आधी नोटीस, मुदतीत घर न सोडल्यास कारणे दाखवा, अडचण खरी असेल तर मुदतवाढ, तीही फार तर 30 दिवसांची. 2018 मध्ये याच न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या माजी मुख्यमंत्र्यांना बंगल्यांवर हक्क नाही असे ठरवले. माजी मुख्यमंत्र्याला जे मिळत नाही, ते माजी उपसचिवाला कोणत्या नियमाने मिळते?

अडून बसण्यामागची आशाही मला ठाऊक आहे. बीडीडी चाळींतल्या पोलिसांना पुनर्विकासात 15 लाखांत मालकीचे घर देण्याचे 2022 मध्ये ठरले, तेव्हापासून प्रत्येक वसाहतीत कुजबुज सुरू आहे: थोडी कळ काढा, आपलेही नाव लागेल. पण तिथली गोष्ट निराळी. 160 चौरस फुटांची खोली, बाहेर सामाईक संडास, आणि त्यात पोलीस शिपायाच्या पिढ्या गेल्या. तेल घातलेल्या कुलपाने त्या माणसांच्या रांगेत उभे राहू नये.

घरे मुळात कमी, त्यात आणखी कमी होत आहेत. वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीतली सुमारे 30 एकर जागा नव्या उच्च न्यायालय संकुलासाठी ठरली, 23 सप्टेंबर 2024 रोजी तिथे भूमिपूजनही झाले. न्यायालयाला जागा हवीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण जी घरे उरली त्यांतले एकही अडून राहणे आता परवडणारे नाही.

दिवंगत कर्मचाऱ्याची विधवा, दवाखान्यात पडलेला माणूस, मुलाची दहावीची परीक्षा, यांच्यावर कोणी बोट ठेवत नाही. त्यांच्यासाठी मुदत आहे, ती त्यांनी अर्ज करून घ्यावी, आणि अधिकाऱ्यांनी ती माणुसकीने द्यावी.

आता अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगतो. थकलेले दंडनीय भाडे उपदानातून वळते करण्याची सोय निवृत्तिवेतन नियमांतच आहे. ती न वापरता ना-देय प्रमाणपत्र कोणी दिले, कोणत्या तारखेला दिले, हे माहितीच्या अधिकारात आम्ही मागवले आहे. उत्तर आले तरी नोंद होईल, आले नाही तरी होईल. शिफारसपत्रावर रांग मोडून दिलेली घरेही त्याच नोंदीत येतील.

आमच्या मागण्या तीनच. मुदतबाह्य राहणाऱ्यांनी चावी जमा करावी. प्रत्येक वसाहतीतील घरे, राहणाऱ्यांचे हुद्दे आणि प्रतीक्षा यादी फाटकावरच्या फलकावर लागावी. रिकामे झालेले घर पंधरा दिवसांत यादीतल्या पहिल्या माणसाला मिळावे. नाही झाले, तर वेळेत घर सोडलेले आम्ही निवृत्त कर्मचारी आमच्या निवृत्तिवेतनातून पैसे काढून उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करू. घर अडवणारा आणि त्याची फाइल दाबणारा, दोघेही त्यात नावानिशी प्रतिवादी असतील. वकीलपत्रावर सह्या झाल्या आहेत.

तेव्हा 31 व्या दिवसाची वाट पाहू नका. चावी घेणारे कार्यालय सकाळी पावणेदहाला उघडते.