फाइलनावातील शेपूट आणि इतिहासाचे साधन

१/ मराठ्यांच्या इतिहासाची पोर्तुगीज साधने अभ्यासणाऱ्यास 'मोंसोंइश दु रेइनु' ही दप्तरमालिका टाळता येत नाही. लिस्बन आणि गोवा यांच्यातील, मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या जहाजांनी वाहिलेला हा पत्रव्यवहार. गोव्याचा दप्तरखाना १५९५ चा. त्याचा पहिला रक्षक इतिहासकार दियोगु दु कौतु. पांडुरंग पिसुर्लेकरांनी याच दप्तरांतून पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला.

२/ मालिकेच्या नावातच 'सी'खाली एक शेपूट आहे आणि 'ओ'वर लाटेसारखी रेघ. ही नक्षी नव्हे. पोर्तुगीजमध्ये 'आजोबा' आणि 'आजी' या दोन शब्दांत केवळ 'ओ'वरील चिन्हाचा भेद आहे!

३/ बीडमध्ये बसून प्रबंध लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांचा दप्तरखाना म्हणजे एक सामायिक फाइल सर्व्हर. आमचा सर्व्हर जुना. त्यातील 'सांबा' आयएसओ ८८५९-१ या पश्चिम युरोपीय अक्षरसंचावर बेतलेला. पोर्तुगीज नावे सुखरूप होती, मराठी नावे मात्र लिहिताच येत नसत. म्हणून कोणीतरी 'युनिक्स कॅरसेट' बदलून यूटीएफ-८ केला. हेतू उत्तम होता. परंतु मांडणी बदलली म्हणून डिस्कवरील बाइट बदलत नाहीत. शेपटीचा 'सी' जुन्या संचात एकच बाइट असतो, २३१. यूटीएफ-८ मध्ये तो दोन बाइटांचा होतो, १९५ आणि १६७. सर्व्हर जुने बाइट नव्या नियमाने वाचू लागला आणि नावे विद्रूप झाली.

४/ इथवर काहीही हरवले नव्हते. विद्रूप नाव हे चुकीच्या किल्लीने वाचलेले मोडी पत्र आहे. योग्य किल्ली मिळाली की ते पुन्हा वाचता येते. खरा घात पुढे झाला. दुसऱ्या कोणीतरी 'साफसफाई' म्हणून प्रत्येक अनोळखी चिन्हाच्या जागी अधोरेषा घातली. आता 'आजी' आणि 'आजोबा' एकच झाले. खंड व पत्रांक त्या नावांतच होते. एकेक प्रतिमा उघडून ते पुन्हा जुळवण्यात माझे तीन आठवडे गेले, आणि काही प्रतिमा अद्याप बेवारस आहेत.

५/ म्हणूनच माझे मत असे की अक्षरसंच हा संगणकवाल्यांचा घरगुती प्रश्न नाही. तो साधनचिकित्सेचा भाग आहे. कागदाचा जलचिन्हासह अभ्यास करणारे आपण फाइलनावाला मात्र चिंधी समजतो. 'चिन्हे काढून साध्या रोमनमध्ये लिहा, कटकट नको' हा सल्ला मला मान्य नाही. उद्या कोणी मराठीतील काना-वेलांट्या अशाच गाळल्या तर?

६/ मराठीही यातून सुटत नाही. 'मऱ्हाटा'तील 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकसंध, किंवा 'र' आणि नुक्ता मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शोधयंत्राने दोन्ही रूपे एकसमान केली नाहीत, तर निम्मी पत्रे सापडतच नाहीत.

७/ उपाय अवघड नाही. मूळ नावांची यादी आधी वेगळी जतन करावी. मग 'कॉन्व्हएमव्ही' या साधनाने नावे रूपांतरित करावीत. ते नुसते चालवले तर काय बदलेल एवढेच दाखवते. प्रत्यक्ष बदलासाठी स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते.