वाचनाचा ताळेबंद

नवे वर्ष उजाडले की संकल्पांना बहर येतो. पहाटे उठण्याचा किंवा रोजनिशी लिहिण्याचा संकल्प जितका जुना, तितकाच वाचनाचा संकल्पही जुना आहे. अलीकडे मात्र त्याचे स्वरूप पालटले आहे. 'यंदा वाचन वाढवीन' एवढ्यावर आता समाधान होत नाही. वर्षभरात पन्नास किंवा शंभर पुस्तके असे आकडे आधीच जाहीर होतात, समाजमाध्यमांवर त्यांची मोजदाद चालते आणि डिसेंबर सरता सरता वाचून झालेल्या पुस्तकांचे ढीग छायाचित्रांतून मिरवले जातात. वाचन संपले अशी ओरड नित्याची झालेली असताना कोणी चढाओढीने का होईना वाचत असेल, तर नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु वाचन ही मोजण्याची वस्तू झाली की मोजणीत अडथळा आणणारी पुस्तके आपोआप मागे पडतात. जाड ग्रंथ टळतो, अवघड ग्रंथ टळतो आणि एकदा वाचलेला ग्रंथ पुन्हा उघडणे तर निव्वळ तोट्याचे ठरते. अशा रीतीने संकल्प तडीस जातो आणि वाचक मात्र होता तेथेच राहतो.

आकड्यांचा विचार करायचाच असेल, तर तो निराळ्या रीतीने करावा. नोकरी, प्रवास, घरातील आजारपणे आणि मुलांचे अभ्यास सांभाळून सामान्य माणसाने रोज वीस पाने नेमाने वाचली, तर वर्षाकाठी ७,३०० पाने होतात. पुस्तकाला सरासरी ३०० पाने धरली, तर ती सुमारे २४ पुस्तके झाली. हा नेम पंचविसाव्या वर्षापासून पासष्टाव्या वर्षापर्यंत न चुकता चालला, तरी चाळीस वर्षांची एकूण बेरीज हजाराच्या आतच राहते. हजार पुस्तके म्हणजे एखाद्या तालुक्याच्या ग्रंथालयातील तीन-चार कपाटे. ही मर्यादा एकदा ध्यानात आली की प्रश्नाचे स्वरूप बदलते. किती वाचावे यापेक्षा काय वाचावे, आणि त्याहीपेक्षा काय वाचायचे सोडून द्यावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ज्याची मिळकत बेताची आहे, त्यालाच अंदाजपत्रकाची गरज अधिक असते. वाचनाच्या वेळेच्या बाबतीत शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी हे तिघेही बेताच्या मिळकतीचेच आहेत.

वाचनाचा जमाखर्च ठेवणाऱ्यांत चार्ल्स डार्विन याचे उदाहरण मोठे बोलके आहे. बीगल जहाजावरील प्रवासाहून परतल्यानंतर १८३८ साली त्याने टिपणवहीत दोन याद्या करण्यास प्रारंभ केला. एक वाचावयाच्या पुस्तकांची आणि दुसरी वाचून झालेल्या पुस्तकांची. हा उद्योग त्याने १८६० पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे चालविला. केवळ नावे टिपून तो थांबत नसे. स्वतःच्या मालकीच्या पुस्तकाच्या शेवटी तो आपल्या कामाच्या मुद्द्यांची छोटी सूची करी, परक्या पुस्तकांचे सारांश काढून ठेवी आणि नवा विषय हाती घेण्यापूर्वी या साऱ्या सूच्या चाळून मगच कामाला लागे. जड पुस्तक हाताळणे सोयीचे व्हावे म्हणून त्याचे दोन तुकडे करण्यासही तो कचरत नसे. ग्रंथ ही त्याच्या लेखी पूजेची वस्तू नव्हती. सुताराला पटाशी तसे त्याला पुस्तक होते.

परंतु या शिस्तीच्या माणसाच्या वाचनातील दोन गोष्टी त्या शिस्तीबाहेरच्या आहेत, आणि त्याच अधिक शिकविणाऱ्या आहेत. पहिली अशी की, त्याच १८३८ साली शरद ऋतूत त्याने माल्थस याचा लोकसंख्येवरील निबंध वाचला तो केवळ करमणुकीखातर, असे त्यानेच आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्या सहज वाचनातून जीवनकलह आणि नैसर्गिक निवड यांचा धागा त्याच्या हाती आला. दुसरी गोष्ट अधिक उदास करणारी आहे. तरुणपणी मिल्टन, वर्ड्‌स्वर्थ आणि शेक्सपिअर यांत रमणाऱ्या डार्विनला उतारवयात कविता वाचवेनाशी झाली. सत्यांचा ढीग उपसून नियम काढणारे एक यंत्र तेवढे आपले मन उरले, अशी खंत त्याने व्यक्त केली आणि आयुष्य पुन्हा जगायला मिळाले, तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचण्याचा आणि थोडे संगीत ऐकण्याचा नियम करीन, असे लिहून ठेवले. दोन याद्या करणाऱ्याच्याही वाचनात एक रिकामी जागा राहून गेली होती आणि ती ध्यानात येईपर्यंत ती भरून काढण्याची वेळ टळली होती. वर्षअखेरीच्या आढाव्याचे महत्त्व यातच आहे. आयुष्याच्या शेवटी होणारा पश्चात्ताप वर्षाच्या शेवटी झाला, तर त्यावर इलाज करता येतो.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे, पुण्याच्या येरवडा तुरुंगातील आहे. मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर महात्मा गांधींना तेथे ठेवण्यात आले, तेव्हा त्यांनी त्या सक्तीच्या एकांतासाठी स्वतःपुरता अभ्यासक्रमच आखला. उर्दू आणि तमिळ या भाषा, निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ, महाभारत आणि गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास अशी त्यांच्या वाचनाची व्याप्ती होती. त्यांच्या तुरुंगातील रोजनिशीत या वाचनाच्या नोंदी आढळतात. जानेवारी १९२४ मध्ये ससून रुग्णालयात त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, फेब्रुवारीत सुटका झाली आणि तो अभ्यासक्रम अर्धाच राहिला. पन्नाशी ओलांडलेल्या गांधींना त्याचे वैषम्य वाटले, पण शरम वाटली नाही. काय वाचले आणि त्यातून काय मिळाले, याचा वृत्तांत त्यांनी पुढे आपल्या पत्रातून वाचकांपुढे ठेवला. आखणी पुरी न होणे हे अपयश नव्हे, असा याचा अर्थ आहे. मात्र जे झाले आणि जे राहिले त्याचा हिशेबच न ठेवणे ही आपली आपणच केलेली फसवणूक ठरते.

मग सामान्य वाचकाने वर्षाची आखणी कशी करावी? चोवीस पुस्तकांची शिल्लक हाती आहे असे धरले, तर त्यांतील पाच एकाच विषयावरची असावीत. इतिहासाच्या शिक्षकाने दख्खनमधील दुष्काळांचा, पतसंस्थेतील लेखनिकाने सहकारी चळवळीचा, विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एखाद्या शास्त्राच्या इतिहासाचा विषय घ्यावा. एकाच प्रश्नावर परस्परांशी न पटणारी पाच माणसे बोलताना ऐकली, म्हणजे स्वतःचे मत कसे बनवावे हे कळू लागते. आणखी पाच पुस्तके आपल्या रोजच्या वाटेबाहेरची असावीत; आणि दोन पूर्वी वाचलेली, पुन्हा वाचण्यासाठी राखून ठेवावीत. विसाव्या वर्षी वाचलेली कादंबरी चाळिसाव्या वर्षी वाचताना तिच्यातील बापाचे म्हणणे प्रथमच कानी पडते. तेव्हा पालटलेली असते ती कादंबरी नव्हे, तर वाचणाऱ्याची नजर. उरलेली बारा जागा मोकळ्याच ठेवाव्यात. रद्दीच्या दुकानात सापडलेले, मित्राने हाती कोंबलेले, प्रवासात कोणाचे तरी मागून घेतलेले असे एखादे पुस्तकच पुष्कळदा वर्षाचे सोने करून जाते.

आखणीपेक्षा आढावा अवघड, कारण तेथे स्वतःशी खरे बोलावे लागते. त्यासाठी एक साधी वही पुरते. तारीख, पुस्तकाचे नाव, चार ओळींचे टिपण. आणि अर्ध्यावर सोडले असेल, तर ते का सोडले याची एक ओळ. वर्षाअखेर ही वही उघडून काही प्रश्न विचारावेत. कोणत्या पुस्तकाने आपले एखादे मत बदलावे लागले? कोणते पुस्तक दुसऱ्याच्या हाती द्यावेसे वाटले? कोणते केवळ 'वाचले' असे सांगता यावे म्हणून वाचले? आणि आपण कोणाचे काहीच वाचले नाही? वर्षभरात एकही स्त्री लेखिका, एकही दलित आत्मकथन, शेजारच्या कन्नड किंवा गुजरातीतून अनुवादित झालेले एकही पुस्तक आपल्या हाती आले नसेल, तर ती वही तसे निमूटपणे दाखवून देते. ही उणीव केवळ रसिकतेची नव्हे. हातातील फोन प्रत्येकाला त्याच्या कलाने घेणारा मजकूर दिवसभर पुरवीत असताना, न पटणारे म्हणणे शांतपणे तीनशे पाने ऐकून घेण्याची सवय पुस्तकाखेरीज दुसरीकडे लागणे कठीण आहे. ती सवय सुटलेल्या समाजात मतभेदाचे रूपांतर वैरात होण्यास वेळ लागत नाही.

यात सर्वांत मोठी जबाबदारी शिक्षकाची आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी काढलेल्या टिपणांवर तीस वर्षे रेटणारा शिक्षक विद्यार्थ्यांना वाचनाचा उपदेश करू शकतो, पण त्यांना वाचनाची गोडी लावू शकत नाही. मुले उपदेश विसरतात. 'काल रात्री एक गंमत वाचली' असे सांगणारे गुरुजी मात्र त्यांच्या लक्षात राहतात. स्पर्धा परीक्षांच्या चक्रात सापडलेल्या विद्यार्थ्यांची अडचण वेगळी. ते वाचत नाहीत असे नव्हे. अभ्यासिकांतून ते दहा-दहा तास वाचतात, पण प्रत्येक पान संभाव्य प्रश्न शोधण्यासाठी. त्यांना महिन्याकाठी एक तरी असे पुस्तक लाभावे, की ज्यावर कोणी प्रश्न विचारणार नाही.

अर्थात ही सारी आखणी पुस्तके मिळतील या गृहीतावर उभी आहे, आणि पगारदार माणसाने चोवीस पुस्तके विकत घेणे सोपे राहिलेले नाही. म्हणूनच हा विषय अखेर ग्रंथालयाच्या दाराशी येऊन थांबतो. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा राज्यात १९६७ साली झाला. इतका वारसा पाठीशी असताना १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, जो २०१५ पासून साजरा होतो, तेवढ्यावर समाधान मानणे शोभणारे नाही. एका दिवसाची प्रेरणा उरलेल्या ३६४ दिवसांना पुरत नाही.

ग्रंथालयांना यात एक काम सहज करता येईल. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि त्याचा वेळ वाचावा, हे तत्त्व डॉ. रंगनाथन यांनी १९३१ सालीच आपल्या पाच सूत्रांत सांगून ठेवले आहे. देवघेव विभागात प्रत्येक सभासदाच्या वर्षभराच्या नोंदी असतातच; जेथे संगणक आला आहे तेथे त्या क्षणात निघतात. डिसेंबरअखेर प्रत्येक सभासदाच्या हाती, फक्त त्याच्याच हाती, त्याने नेलेल्या पुस्तकांची यादी द्यावी आणि मागल्या बाजूस पुढील वर्षाच्या यादीसाठी जागा कोरी सोडावी. खर्च एका कागदाचा आहे. त्या कागदाकडे पाहताना सभासदाला कळेल की आपण वर्षभर एकाच कपाटापुढे उभे होतो. आणि कदाचित जानेवारीत तो दोन पावले पुढे सरकून शेजारचे कपाट उघडील.